टर्बो मोटारीचा शक्ति-आलेख कसा वाचावा

मागील महिन्यांत एका रविवारीं सकाळीं माझा भाचा पुण्याहून आला तो हातांत दोन कागद घेऊनच. चहा निवत ठेवून त्यानें ते कागद माझ्यापुढें पसरले आणि म्हणाला, "मामा, एवढे पाहा आणि मग सांगा, पैसे भरूं कीं नको." आदल्याच रात्रीं त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, दूरध्वनि येऊन गेला होता. दीड वर्षाची शिल्लक हा मुलगा मोटारीच्या इंजिनावर उधळणार आहे, तेव्हां तूं त्याला चार शब्द सांग, अशी तिची आज्ञा होती. आयुष्याचीं बरींच वर्षें मीं यंत्रशास्त्र शिकविण्यांत घालविलीं. त्यामुळें घरांत कोणतेंहि यंत्र बिघडलें किंवा विकत घ्यावयाचें असलें कीं सल्ला देण्याचें काम माझ्याकडे येतें.

त्या कागदांवर प्रत्येकीं दोन वक्ररेषा होत्या. एकीखालीं 'टॉर्क' आणि दुसरीखालीं 'अश्वशक्ति' असें लिहिलें होतें. पहिल्या कागदावर शक्तीचा कमाल आंकडा १९० होता, दुसऱ्यावर २८५. पहिला कागद मूळच्या गाडीचा, दुसरा त्याच जातीच्या गाडीच्या संगणकांतील आज्ञावली बदलल्यानंतरचा, असें एका गॅरेजनें त्याला सांगितलें होतें. नुसती आज्ञावली बदलून ९५ घोडे वाढतात, मग त्यासाठीं दीड वर्षाची शिल्लक कांहीं फार नव्हे, असा त्याचा हिशेब. असे कागद आज पुष्कळ तरुणांच्या हातीं येतात आणि पुष्कळ आईबापांना त्यांचा अर्थ लागत नाहीं. तेव्हां हा आलेख वाचावा कसा, तें आज आपण पाहूं.

प्रथम तो काढतात कसा, तें पाहिलें पाहिजे. इंजिनाची शक्ति मोजण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. वाफेचें इंजिन विकतांना गिऱ्हाइकाला तें किती घोड्यांचें काम करील हें सांगतां यावें, म्हणून जेम्स वॉटनें अश्वशक्तीचें माप ठरविलें : मिनिटास ३३,००० फूट-पौंड. पुढें युरोपांत मेट्रिक अश्वशक्ति रूढ झाली. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदांत १ मीटर उचलणें, ही तिची व्याख्या. दोहोंत फरक दीड टक्क्याहून कमी आहे; आज आपण मेट्रिक मापच वापरूं. १८२१ सालीं फ्रान्समध्यें गास्पार द प्रोनी यानें फिरत्या दांड्याला लांकडी चिमट्यानें आवळून, तो चिमटा किती जोरानें ओढला जातो हें वजनानें मोजण्याची युक्ति काढली. १८७७ सालीं इंग्लंडांत विल्यम फ्रूड यानें लांकडाच्या जागीं पाण्याचा रोध वापरला. आजचें डायनॅमॉमीटर, ज्याला मोटारवाले थोडक्यांत 'डायनो' म्हणतात, तें याच घराण्यांतलें आहे. इंजिनाला अडवावयाचें, आणि अडविण्यास किती जोर लागला तें मोजावयाचें, एवढेंच त्याचें तत्त्व.

आतां त्या दोन रेषा. टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर, पीळ. जात्याचा खुंटा धरून दळणारी बाई खुंट्यावर जो जोर लावते, त्याला खुंट्यापासून मधल्या खिळ्यापर्यंतच्या अंतरानें गुणलें, कीं तिचा टॉर्क मिळतो. पण दळण किती निघालें हें नुसत्या जोरावर ठरत नाहीं. मिनिटास जात्याचे किती फेरे झाले, त्यावरहि तें अवलंबून असतें. जोर आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. यासाठीं एक सोपा हिशेब आहे. टॉर्कचे न्यूटन-मीटर घ्यावेत, त्यांना मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावें आणि गुणाकारास ७,०२४ नें भागावें. उत्तर मेट्रिक अश्वशक्तींत येतें. हा एवढा आंकडा ज्यानें ध्यानांत ठेवला, त्याला आलेखांतील अर्धी गोष्ट कळली.

यावरून एक गोष्ट निघते, ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. आलेखावर रेषा दोन दिसत असल्या तरी मोजमाप एकच असतें. टॉर्क आणि फेरे मोजले कीं शक्तीची रेषा गणितानें आपोआप निघते. म्हणून या दोन रेषा एकमेकींशीं जुळल्याच पाहिजेत. इंग्रजी मापाच्या आलेखांत, म्हणजे टॉर्क पौंड-फुटांत आणि शक्ति इंग्रजी अश्वशक्तींत असून दोहोंस एकच उभी मोजपट्टी असेल, तर त्या रेषा ५,२५२ फेऱ्यांवर एकमेकींना छेदतात. त्या दुसरीकडे छेदत असतील, तर मोजपट्ट्या दोन निरनिराळ्या आहेत किंवा कागदांत कांहीं तरी चूक आहे, असें खुशाल समजावें.

आतां एक खरें उदाहरण घेऊं. चेक देशांतील स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया आर. एस. ही टर्बो मोटार २०१७ सालीं आपल्या देशांतहि विकली गेली. तिच्या दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाचे कारखान्यानें प्रसिद्ध केलेले आंकडे असे : टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, आणि तो १,५०० फेऱ्यांपासून ४,६०० फेऱ्यांपर्यंत सारखा, शक्ति २३० अश्वशक्ति, आणि ती ४,७०० पासून ६,२०० फेऱ्यांपर्यंत सारखी. ३५० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारें ३६ किलो वजन टांगून जो पीळ पडेल तो.

या आंकड्यांवरूनच कागद पेन्सिल घेऊन आपण आलेख काढूं. १,५०० फेऱ्यांवर ३५० ला १,५०० नें गुणून ७,०२४ नें भागलें, तर अश्वशक्ति येते ७५. ३,००० फेऱ्यांवर येते १५०. ४,६०० वर येते २२९. टॉर्क सपाट आहे, म्हणून शक्तीची रेषा सरळ तिरकी वर चढली. आतां पुढें ६,२०० फेऱ्यांवर शक्ति २३० च राहिली, तर टॉर्क किती उरला? २३० ला ७,०२४ नें गुणून ६,२०० नें भागा. उत्तर सुमारें २६० न्यूटन-मीटर. म्हणजे शक्तीची रेषा सपाट होते तेथें टॉर्क उतरत असतो, आणि टॉर्क सपाट असतो तेथें शक्ति चढत असते. पुष्कळांना उजवीकडे उतरणारी टॉर्कची रेषा पाहून इंजिन थकलें असें वाटतें. तें इंजिनाचें आजारपण नव्हे. फेरे वाढल्यामुळें तीच शक्ति कमी पिळानें मिळत आहे, इतकेंच.

टॉर्कचें हें सपाट पठार टर्बो मोटारीची खूण आहे. साध्या इंजिनाला बाहेरची हवा आपल्या श्वासानें ओढून घ्यावी लागते. त्याचा टॉर्क टेकडीसारखा हळूहळू चढतो आणि उतरतो. टर्बोमध्यें बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या लोटानें एक लहान चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे फिरतें, आणि त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरांत भरतें. हवा अधिक, म्हणून जाळतां येणारें पेट्रोल अधिक, म्हणून जोर अधिक. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल आणि शेव्हरोले यांच्या टर्बो मोटारी १९६२ सालीं बाजारांत आल्या. आजच्या मोटारींत या हवेच्या दाबाची लगाम संगणकाच्या हातीं असते. जेवढा टॉर्क गिअरपेटीला आणि जोडदांड्यांना सोसेल तेवढ्यापुरताच दाब तो चढूं देतो आणि बाकीचा धूर बाजूच्या झडपेनें सोडून देतो. म्हणजे तें पठार निसर्गानें घडविलेलें नाहीं. तें कारखान्यानें मुद्दाम राखलेलें आहे. जेथें पठार आहे तेथें इंजिनाला अधिक देतां आलें असतें, पण दिलेलें नाहीं. आज्ञावली बदलून देणाऱ्या लोकांचा सारा धंदा या राखलेल्या जागेवर चालतो. ती जागा राखण्यास कारण काय होतें, हा प्रश्न मात्र गिऱ्हाइकानेंच विचारावा लागतो.

येथें आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. टर्बोचें चक्र वेग घेईपर्यंत जो क्षण जातो, पाय दाबल्यावर गाडी जी किंचित् विचार करीत थांबते, तो विलंब या आलेखांत दिसत नाहीं. कारण आलेखाची आडवी मोजपट्टी फेऱ्यांची आहे, वेळेची नाहीं. आलेख सारखे असलेल्या दोन गाड्या रस्त्यावर अगदीं निराळ्या वाटूं शकतात. म्हणून कमाल आंकड्यावर भाळण्यापेक्षां, रोजच्या चालविण्यांत इंजिन ज्या फेऱ्यांत असतें, म्हणजे साधारण दोन ते साडेचार हजारांत, तेथें रेषा किती उंच आहे हें पाहावें. सहा हजारांवरचा आंकडा शहरांत राहणाऱ्या माणसाच्या वांट्याला क्वचितच येतो.

हें सारें ऐकल्यावर माझा भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे दुसरा कागद खरोखरच चांगला. त्याची रेषा सगळीकडेच वर आहे." मीं त्याला म्हटलें, "अरे, रेषा पाहण्यापूर्वीं कागदाचा कोपरा वाच." आणि त्या कोपऱ्यांतील बारीक अक्षरांपाशीं आम्ही तासभर बसलों.

पहिली गोष्ट : शक्ति कोठें मोजली? इंजिन गाडींतून काढून थेट त्याच्या दांड्यावर मोजलें, तर एक आंकडा येतो. गाडी तशीच रोलरांवर उभी करून चाकांपाशीं मोजलें, तर त्याहून कमी येतो. कारण मधल्या गिअरपेटींत, सांध्यांत आणि टायरांत कांहीं शक्ति खर्च होते. कारखाना इंजिनाचा आंकडा सांगतो. गॅरेजांतील डायनो चाकांचा मोजतो. पुष्कळ गॅरेजें मग मधली घट अंदाजानें धरून इंजिनाचा आंकडा 'काढून' देतात. पहिल्या कागदावर 'चाकांपाशीं' असें लिहिलें होतें. दुसऱ्यावर लिहिलें होतें, 'इंजिनापाशीं, घट १५ टक्के धरून'. म्हणजे २८५ हा आंकडा कोणीं मोजलेलाच नव्हता. चाकांपाशीं मोजलेला आंकडा २८५ चे ८५ टक्के, म्हणजे २४२ होता.

दुसरी गोष्ट : हवेची दुरुस्ती. थंड आणि दाट हवेंत इंजिन अधिक जोर करतें, उष्ण आणि विरळ हवेंत कमी. निरनिराळ्या दिवशींचीं मापें तुलनेस घेतां यावींत म्हणून त्यांना एका गुणकानें गुणून ठराविक हवेवर आणतात. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचें जे. १३४९ हें प्रमाण २५ अंश उष्णता आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरतें. त्याहून जुनें एक प्रमाण साडेपंधरा अंश आणि अधिक दाब धरतें. त्यामुळें त्याच मापाचा आंकडा सुमारें चार टक्क्यांनीं फुगतो. दोन्हीं प्रमाणें चुकीचीं नाहींत. पण एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरें वापरलें, तर तुलना मात्र चुकीची होते.

टर्बोच्या बाबतींत यांत आणखी एक मेख आहे. पुणें समुद्रापासून सुमारें ५६० मीटर उंच. तेथें हवेचा दाब मुंबईपेक्षां सहासात टक्के कमी. साध्या इंजिनाचा जोर तेथें तितक्याच प्रमाणांत घटतो, म्हणून तेवढी दुरुस्ती त्याला न्याय्य आहे. परंतु टर्बो इंजिनांत हवा विरळ झाली तर तें चक्र थोडें अधिक वेगानें फिरून पुष्कळशी तूट स्वतःच भरून काढतें. जी तूट झालीच नाहीं, ती कागदावर पुन्हां भरून देणें म्हणजे पगार हातीं आल्यावर तोच पुन्हां जमेस धरण्यासारखें आहे. दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यांत गुणक छापला होता १.११, पहिल्यावर कोणताहि गुणक नव्हता. २४२ ला १.११ नें भागलें. उत्तर आलें २१८.

श्रोतेहो, १९० आणि २८५ यांतील ९५ घोड्यांपैकीं २८ उरले. बाकीचे ६७ कागदावरच जन्मले होते. गॅरेजवाल्यानें हें जाणूनबुजून केलें कीं यंत्राच्या निरनिराळ्या खुंट्या तशाच राहून गेल्या, हें मी सांगूं शकत नाहीं, आणि कोणावर आळ घेण्याची माझी इच्छाहि नाहीं. पण भाच्याचा चेहरा उतरला तो मीं पाहिला.

तिसरी गोष्ट : यंत्र कोणतें? डायनो मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकांत जड पोलादी पिंप असतें. चाकांनीं तें किती लवकर वेग घेतलें, त्यावरून शक्तीचा हिशेब होतो. दुसऱ्यांत विजेच्या चुंबकानें रोध लावून इंजिनाला हव्या त्या फेऱ्यांवर धरून ठेवतां येतें. पिंप हलकें असेल तर टर्बोला वेग घेण्यास अवसर मिळण्यापूर्वींच इंजिन फेऱ्यांच्या वर निघून जातें, आणि टॉर्कची रेषा उशिरां चढलेली दिसते. रोध लावून धरलें तर तीच रेषा आधीं चढते. कोणत्या गिअरमध्यें मोजलें, यामुळेंहि असाच फरक पडतो. म्हणून एका यंत्रावरचा 'आधीं' आणि दुसऱ्या यंत्रावरचा 'नंतर' शेजारीं ठेवणें म्हणजे दोन निरनिराळ्या वैद्यांच्या तराजूंवर मुलाला तोलून त्याचें वजन वाढलें असें म्हणण्यासारखें आहे.

चौथी गोष्ट : रेषेचा गुळगुळीतपणा. खरी मोजलेली रेषा थोडी थरथरती असते. यंत्राच्या संगणकांत ती थरथर घांसून काढण्याची सोय असते, आणि ती पांच पायऱ्यांपर्यंत वाढवितां येते असेंहि एखाद्या यंत्रांत आढळतें. फार घांसलेली रेषा दिसायला सुरेख, पण तिच्यांतील रोगाचीं लक्षणेंहि घांसून निघालेलीं असतात. त्याचप्रमाणें उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू होते कीं शंभरापासून, हेंहि पाहावें. शंभरापासून सुरू केली तर लहानशी वाढ डोंगराएवढी दिसते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. ती आंकड्यांची नाहीं, इंजिनाच्या प्राणाची आहे. चांगल्या आलेखाच्या खालीं आणखी दोन रेषा असतात : एक हवेच्या दाबाची आणि एक हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाची. पेट्रोल पुरतें जळण्यास त्याच्या एका भागाला हवेचे वजनानें १४.७ भाग लागतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलांत हा आंकडा थोडा उतरतो. म्हणून जाणते लोक त्याऐवजीं लॅम्डा नांवाचें गुणोत्तर वापरतात, ज्यांत बरोबर मिश्रण म्हणजे १. पूर्ण दाबाखालीं धांवणाऱ्या टर्बो इंजिनांत मुद्दाम जादा पेट्रोल सोडून लॅम्डा साधारणतः ०.८ ते ०.९ च्या दरम्यान ठेवतात. तें जादा पेट्रोल वाफ होतांना आंतली उष्णता शोषून घेतें आणि दट्ट्याचें रक्षण करतें. ही रेषा उजवीकडे १ कडे चढूं लागली, तर शक्तीचा आंकडा कितीहि मोहक असो, तो दट्ट्याच्या आयुष्यांतून कापून घेतलेला असतो. मिश्रण अवेळीं पेटून इंजिनांत ठोके पडूं लागले, तर संगणक ठिणगी मागें ओढतो आणि टॉर्कच्या रेषेला करवतीसारखे दांते पडतात. रेषा फार घांसली कीं नेमके तेच दिसेनासे होतात. आणि दाबाची रेषा आरंभीं टोकदार उसळून खालीं येत असेल, तर कमी फेऱ्यांवरचा तो धक्का जोडदांड्यांना आणि क्लचला सोसावा लागतो.

भाच्याच्या एका मित्रानें असाच एक सुंदर कागद पाहून काम करून घेतलें होतें. त्याच्या कागदावर शक्ति होती, टॉर्क होता. मिश्रणाची रेषा नव्हती. दोन महिन्यांनीं घांटांत त्याची गाडी धूर सोडून थांबली. इंजिन उघडलें तेव्हां तिसऱ्या सिलिंडरांतील दट्ट्याची कड वितळून गेली होती. कारखान्याची हमी आज्ञावली बदलली तेव्हांच संपली होती. त्या मुलानें तें इंजिन कर्ज काढून दुरुस्त केलें. ही हकीकत माझ्या बहिणीच्या कानावर गेली होती, आणि तिच्या त्या रात्रींच्या स्वरांतील काळजीचें कारण मला तेव्हां कळलें.

मग भाच्यानें काय केलें? मीं त्याला 'नको' म्हटलें नाहीं. तरुण मुलाला त्याच्या कमाईच्या पैशाबद्दल नुसतें 'नको' म्हणून भागत नाहीं. मीं म्हटलें, "आधीं तुझ्या स्वतःच्या गाडीचा आलेख काढून घे. मूळ स्थितींत, चाकांपाशीं, दुरुस्ती न लावतां, एकाच गिअरमध्यें, पुढें मोठा पंखा लावून, लागोपाठ तीन वेळां. आणि दाबाची व मिश्रणाची रेषा मागून घे. तीन रेषा एकमेकींवर बसल्या तर माप विश्वासाचें. पुढें काम करून घेतलेंस तर त्याच यंत्रावर, त्याच दिवशीं, त्याच रीतीनें पुन्हां मोज. आणि आंकडा किती वाढला हें विचारण्याआधीं मिश्रणाची रेषा कोठें गेली, तें विचार."

पुढच्या शनिवारीं तो दुसऱ्या एका ठिकाणीं गेला आणि संध्याकाळीं मला कागद पाठविला. तीनहि रेषा एकमेकींवर नीट बसल्या होत्या. पण कमाल शक्ति १६८ च होती. १९० सुद्धां नव्हती! दाबाची रेषा पाहिली तों चार हजार फेऱ्यांनंतर ती खालीं झुकत चाललेली. टर्बो हवा दाबतो आहे, पण ती वाटेंत कोठें तरी निसटते आहे, असा त्याचा सरळ अर्थ. तेथील वृद्ध मिस्त्रीनें साबणाचें पाणी लावून पाहिलें; टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या रबरी नळीचा पट्टा सैल पडला होता आणि नळीला कडेला चीर गेली होती. नळी आणि पट्टा बदलले, आणि पुन्हां मोजलें तेव्हां रेषा १९१ वर जाऊन पोंचली. दीड वर्षाच्या शिल्लकेंतील फारच थोडा भाग खर्च होऊन त्याला २३ खरे घोडे मिळाले. ते हरवले आहेत हें आलेख काढीपर्यंत त्याला ठाऊकच नव्हतें.

आज्ञावली बदलण्याचा विचार त्यानें सोडला आहे, असें मी म्हणणार नाहीं. पण परवां तो मला सांगत होता कीं, गॅरेजवाल्यांना तो आतां कमाल शक्ति किती, असें विचारीत नाहीं. चाकांपाशीं कीं इंजिनापाशीं, गुणक कोणता, मिश्रणाची रेषा दाखवा, असें विचारतो. कांहीं जण उत्तर देतात, कांहीं जण विषय बदलतात, आणि त्यावरूनच त्याला पुष्कळ कळतें.

आपल्याहि घरीं कोणी असा कागद घेऊन आला, तर त्याला हंसूं नका आणि धमकावूंहि नका. त्याच्या शेजारीं बसा आणि कोपऱ्यांतील बारीक अक्षरें दोघांनीं मिळून वाचा. माझ्या बहिणीनें काल विचारलें, "काय रे, समजावलेंस ना त्याला?" मीं म्हटलें, "ताई, त्याला भागाकार शिकविला. पुढचें त्याचें त्यानेंच केलें."